आकडा राहिला

इंटरनेटवरून घरात शिरणाऱ्या जाहिराती वाटेतच अडवणारी डबी प्रोग्रामरने हॉलमध्ये बसवली, त्याला चार वर्षं झाली होती. आज भरदुपारी हॉलमध्येच बसून त्याने तिच्यासाठी एक छोटीशी कमांड लिहिली. सांगाल तितके सेकंद अडवणं बंद; आकडाच दिला नाही, तर कायमचं बंद.

त्याने तीस लिहिलं. त्याच क्षणी बेडरूममधलं कपाट कुणीतरी आतून ठोठावू लागलं. तिसाव्या सेकंदाला आवाज थांबला.

"अहो, काय ठोकताय मघापासून?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही गं!"

भास असेल, म्हणून त्याने दहा लिहिलं. बरोबर दहा सेकंद ठोठावणं, मग चिडीचूप.

बायको तणतणत बेडरूममध्ये गेली. "इथे तर काहीच नाही. पुन्हा वाजवून दाखवा बघू!"

त्याने घाईघाईने कमांड लिहिली, आणि आकडा घालण्याआधीच एंटर दाबलं गेलं.

या खेपेला कुणी ठोठावलं नाही. कपाटाचं दार करकरलं.

"अगं बाई!" बायको बेडरूममधून हसत म्हणाली. "अहो, तुम्ही कपाटात कधी शिरलात?"