तपासणीचा रविवार

"बाराव्या पानावर अक्षर जरा बारीक आलंय," आप्पा म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले.

सूनबाईने मान डोलावली. अक्षर बारीक असो की मोठं, तिचं लक्ष त्यांच्या लाल पेन्सिलीकडे होतं. सकाळी नऊपासून ती पेन्सिल कानावरून खाली उतरली नव्हती.

खेळाचं नाव 'नावाडी'. टेबलाभोवती चौघापाचांनी बसायचं. एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी नावाडी. एकेक चमत्कारिक प्रवासी नदीपार न्यायचा, वाटेत त्याची गोष्ट रचायची आणि अडलं की फासे टाकायचे. नियम सुनेने लिहिले होते, नकाशे तिच्या नवऱ्याने काढले होते. ती दिवसभर दातांच्या कवळ्या बनवायची, तो शाळेत भूगोल शिकवायचा; उरलेला सगळा वेळ या खेळाचा. हा खेळ म्हणजे यांचं शेंडेफळ, असं आप्पा म्हणायचे. थोरलं कोण, ते मात्र कधी सांगायचे नाहीत.

भिंतीवर नव्या वर्षाचा बेत चिकटवलेला होता. नियमपुस्तक छापणे. खेळवेड्यांच्या मेळाव्यात टेबल मांडणे. मुलांसाठी सोपी आवृत्ती करणे. पहिली ओळ सलग चौथ्या वर्षी तीच होती. कारण घरात एक कायदा होता: आप्पांनी 'पास' म्हटल्याशिवाय एकही पान छापखान्यात जाणार नाही.

आप्पांनी एकतीस वर्षं लिफ्ट तपासल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली दारं, नळ आणि माणसं तपासायला घेतली आणि सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. मग हा खेळ त्यांच्या हाती लागला आणि घराची सुटका झाली. त्यांचा प्रश्न एकच असायचा: "आणि दोर तुटला तर?" दर वर्षीच्या पहिल्या रविवारी ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत, आणि दर वर्षी कुठेतरी तुटलेला दोर त्यांना सापडत असे. मग वर्षभर दर रविवारी टेबलाशी बसून ते दुरुस्ती करून घेत. त्या काळात त्यांची कंबरसुद्धा दुखत नसे.

बारा वाजले. आप्पांनी चहा मागितला. समोरचा कप अर्धा भरलेला होता. सुनेने तो मुकाट्याने उचलला आणि नवा करून आणला.

"कितवं पान?" नवऱ्याने दारातून हळूच विचारलं.

"चाळीस."

"या वर्षी सुटतंय वाटतं."

"तू बोलू नकोस," ती म्हणाली. "जा, नकाशे रंगव."

आप्पांनी एकेचाळीसावं पान वाचलं. बोट ओळीवरून फिरवलं, थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. सुनेचा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी पान उलटलं.

तिने पदर नसलेल्या कुर्त्याला हात पुसले. उरलेली तीस पानं तिने कशी काढली ते तिचं तिलाच माहीत. या माणसावर तिचा फार जीव होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिच्या नियमांची वही मागून घेतली होती आणि रात्रीच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ही पोरगी डोक्याने काम करते." एवढं कौतुक तिच्या वडिलांनीही कधी केलं नव्हतं.

दोनला आप्पांनी फाइल मिटली.

"काही नाही," ते म्हणाले. "पास. छापा."

सून खाली बसली. नवरा आत आला, तिच्याकडे पाहून खिडकीशी जाऊन उभा राहिला. चार वर्षं ज्यासाठी घालवली ते झालं होतं.

आप्पा हात धुवायला उठले. दारापर्यंत गेले, चौकट धरून उभे राहिले.

"पोरी," ते वळून म्हणाले, "नवा प्रवासी कुठे मिळतो?"

"नाव असेल त्याच्या पैलतीरावर," ती म्हणाली. "नवव्या पानावर आहे."

"आणि प्रवासी नसेल तर नाव हलवायची नाही, असं तू पुढे म्हटलंयस. एकेचाळीसवर. मग रिकामा नावाडी पैलतीरावर जाणार कसा? पोहत?"

सून उठून उभी राहिली.

"दोर तुटला," आप्पा म्हणाले. कानावरची पेन्सिल खाली आली. त्यांनी दोन्ही ओळींखाली रेघा ओढल्या, आणि चेहरा असा फुलला की दहा वर्षांनी लहान दिसायला लागले.

सुनेला रडू फुटलं. आवरायला गेली तर जास्तच आलं.

"अगं वेडे," आप्पा कावरेबावरे होऊन तिच्या डोक्यावर थोपटायला लागले. "चूक आज सापडली हे बरंच झालं. छापल्यावर सापडली असती तर? लिफ्टमध्ये माणसं चढायच्या आधी दोर बघायचा असतो. वर्षभरात नीट करू. मी आहे ना."

"आहात," ती म्हणाली.

तिने भिंतीवरच्या बेतातली पहिली ओळ खोडली. आप्पांनी पुढच्या रविवारची वेळ ठरवून दिली, नवाच्या ठोक्याला, उशीर चालणार नाही. आणि शीळ घालत आडवे व्हायला गेले.

नवरा तिच्यामागून स्वयंपाकघरात आला. त्याने दार लोटून घेतलं.

"गेल्या वर्षी तासाभरात सापडली होती," तो म्हणाला.

"त्याच्या आदल्या वर्षी वीस मिनिटांत."

"आज पाच तास लागले."

तिने तोंडावर पाणी मारलं, टॉवेलने चेहरा पुसला आणि बराच वेळ टॉवेल तसाच धरून ठेवला.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "मी चूक पहिल्याच पानावर घालते."