शेडमधला साक्षीदार

कुत्र्यानं दूध प्यायलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय डॉक्टरांची बायको तोंडात घास घालत नव्हती.

दवाखान्यामागच्या शेडमध्ये ते साखळीला होतं. रस्त्यात लोहाराच्या मुलीला कुत्रं चावलं, आणि सोडवायला धावलेल्या डॉक्टरांच्या हातालाही. चावून ते पळालं. दुसऱ्या दिवशी माग काढत डॉक्टर एकटेच गावाबाहेर गेले आणि दोरीला बांधून कुत्रं घरी घेऊन आले.

"पिसाळलेलं असेल तर दहा दिवसांत मरेल," त्यांनी बायकोला सांगितलं. "जगलं, तर मलाही धोका नाही. याहून चांगला साक्षीदार कुठं मिळणार?"

पोटात घ्यायची इंजेक्शनं त्या काळी शहरातून मागवावी लागत. आली ती एकाच माणसापुरती. तिथला साठा संपला होता, पुढचा कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी ती लोहाराच्या मुलीला द्यायला लावली.

बायकोनं आकाशपाताळ एक केलं. गुरांच्या डॉक्टरला गुराइतकी तरी अक्कल असावी, असंही ऐकवलं. त्या पोरीच्या आईला दहा दिवस वाट बघ म्हणून कसं सांगू, एवढंच ते म्हणाले आणि शेडकडे बोट दाखवलं. त्यापुढे तिचं काही चाललं नाही.

बघ्यांना त्यांनी फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. गर्दीनं जनावर बिथरतं, म्हणाले. गावानं मुकाट्यानं ऐकलं. अर्ध्या गावाच्या अडलेल्या गाईम्हशी याच माणसानं कोपरापर्यंत हात घालून सोडवल्या होत्या. माणसांचे डॉक्टर का झाला नाहीत असं कुणी विचारलं, की ते म्हणत, "माणसं दुखणं सांगतानाही खोटं बोलतात हो. मुकं जनावर फसवत नाही."

सुरुवातीला ती दुधाची ताटली काठीनं पुढं ढकलायची. मग शेजारी बसू लागली. "पी रे राजा," ती म्हणायची, "माझा संसार तुझ्या जिवावर आहे."

राजा प्यायचा आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचा. दहावा दिवस उलटला तेव्हा तिनं साखळी सोडली आणि त्याच्या गळ्यात पडून रडली. डॉक्टर दारातून बघत होते. आता तरी पोटभर जेव, म्हणाले. कुत्रं घरचंच झालं.

महिन्याभरानं डॉक्टरांना ताप भरला. हाताला मुंग्या येतात म्हणत होते. सकाळी चहाचा पेला तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. दगदग, दुसरं काय, असं म्हणत तिनं त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं. मोठ्या घातातून सुटलेल्या माणसाच्या तापाचं तिला विशेष काही वाटलं नाही.

दुपारी फाटकाशी वीटभट्टीवाला आला. कुत्रं धावत जाऊन त्याच्या अंगावर उड्या मारू लागलं. डॉक्टर जरा पडलेत, काय काम होतं, असं तिनं विचारलं.

"त्यांना उठवू नका, वहिनी. माझं कुत्रं न्यायला आलोय," तो म्हणाला. "दहा दिवसांत परत देतो म्हणून घेऊन गेले होते. ते चावकं कुत्रं भट्टीमागं तोंडाला फेस येऊन मेलेलं सापडलं ना, ते आम्ही दोघांनी पुरलं, आणि मग जाताना त्यांनी माझं मागून नेलं."