पाणी कुठवर आलं होतं

"गुडघ्याएवढं," दा हम्मू म्हणाला आणि पुदिन्याच्या चहाचा पेला त्यानं तिलेल्लीपुढे सरकवला. "मोठ्या पुराच्या साली पाणी आलं ते एवढंच. घ्या लिहून."

तिलेल्लीनं लिहिलं नाही. सकाळपासूनचं हे सहावं घर, आणि सहाही घरांत पाणी गुडघ्याएवढंच. माणसांच्या आठवणी इतक्या एकसारख्या नसतात. काल सगळे म्हातारे मशिदीत जमले होते, हे तिच्या कानावर आलं होतं.

ॲटलासच्या या खोऱ्यातली नदी एरवी वर्षभर कोरडी. तिच्यावर ना पाणी मोजायची पट्टी, ना जुनी नोंद. तिलेल्लीनं संगणकावर पुराचा नकाशा बेतला होता, पण तो खरा की खोटा हे सांगू शकणारी म्हातारी माणसं तिला खरं सांगायला तयार नव्हती. खालच्या गावात नकाशावर धोक्याचा लाल रंग चढला आणि बारा घरं उठवली गेली, हे इथे कोणीच विसरलं नव्हतं.

"माझ्या हिशेबानं पाणी पुरुषभर चढतं, दा हम्मू."

"मग हिशेब चुकलाय तुमचा. तुम्ही तेव्हा जन्मला तरी होतात का?"

तिनं वही मिटली. "बरं. सगळं गाव म्हणतंय तर तसंच. नदीकाठचं पटांगण मी धोक्याबाहेर दाखवते. म्हणजे नवी शाळा तिथे बांधता येईल."

"शाळा? का मला बोलतं करायला थाप मारताय?"

तिनं कागद पुढे केला. म्हाताऱ्याला त्यावरचं परकं अक्षर वाचता येत नव्हतं, पण चार खोल्या, एक दार आणि पलीकडून जाणारी नदी त्याला ओळखता आली. मग तो काठी घेऊन उठला आणि घरामागचा चढ चढू लागला; ती मागोमाग. बदामाची झाडं मागे पडली, घराचं छप्पर पायाखाली आलं, तेव्हा तो थांबला.

"लिही. पाणी इथवर."

तिलेल्लीला पुन्हा संशय आला. मघाशी कमी सांगितलं, आता फुगवून सांगत असेल. "इथवर लाल रंग दिला तर पहिलं तुमचंच घर जाईल. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग आत्ताच का सांगताय?"

दा हम्मूनं खालच्या पटांगणाकडे पाहिलं.

"त्या दिवशीही तिथे शाळा भरली होती, पोरी. आम्ही सगळी पोरं वर पळालो. इथवर पोचलो तो मी एकटा."