चुन्याचं रिंगण

पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी औरंगाबादेत नवी बाग आखायचं काम अनंतरावांकडे आलं. त्यांची एक रीत होती. रोप लावायच्या आधीच, झाड मोठं झाल्यावर त्याची सावली जेवढी पसरेल तेवढं रिंगण ते जमिनीवर चुन्यानं आखायचे. पाणी घालणाऱ्या दगडाबाईला त्याचं भारी कौतुक वाटे. त्या रिंगणांमुळं तिला उघड्या माळावर अख्खी बाग दिसायची.

चैत्रातल्या दुपारी ती वडाच्या रिंगणात भाकरी खायला बसली. मधोमध नुसता खड्डा होता, आणि ऊन रखरखीत.

"साहेब, इथं लई गार लागतंय," ती म्हणाली.

अनंतराव आत आले. त्यांनी टोपी काढली. कपाळावरचा घाम सुकला, तसे ते हरखून बघत राहिले.

मग त्यांचा चेहरा उतरला. "रस्ता इथूनच न्यायचा हुकूम आलाय. हे रिंगण पुसून टाका."

दगडाबाईचा पाय उचलेना. तरी तिनं टाचेनं चुना विस्कटला.

डोक्यावर काहीतरी कडाडलं. वर निळं, मोकळं आभाळ होतं.

अनंतरावांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि ते जिवाच्या आकांतानं ओरडले,

"दगडाबाई, फांदी येतेय, बाजूला व्हा!"