ऊबदार दगड

खिंडीतल्या दगडांच्या राशीवर येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक दगड ठेवायचा, ही ॲटलास पर्वतातल्या देवदारांच्या जंगलातली जुनी रीत. वाटाड्या बासूची लेक तुदा आपला दगड घरापासून एका मुठीत धरून आणायची, दुसऱ्या मुठीत बाबाचं बोट.

"बर्फात त्याला थंडी वाजेल ना, बाबा!"

गेल्या हिवाळ्यात ती सरपणाला म्हणून गेली आणि बर्फात हरवली. सापडलीच नाही.

आज बासू पाहुण्यांना घेऊन खिंडीत आला, तेव्हा सगळी रास पांढरी झाली होती. वरचा एकच लहानसा दगड तेवढा कोरडा होता. त्यानं हात लावला. दगड ऊबदार होता.

त्यानं तो मुठीत घेतला.

"ठेव तो खाली!" खेचरवाला म्हातारा हद्दू खेकसला. "राशीतला दगड कुणी घरी नेतं का? डोकं फिरलंय तुझं?"

"हात गारठलेत, काका."

उतरणीला जंगल संपलं. खाली धुराडी दिसली, दारात उभी असलेली बायको इत्तो दिसली, आणि मुठीतला दगड गार पडू लागला.

बासू दचकून एक पाऊल मागे सरला. ऊब परतली.

"पाहुण्यांना तुम्ही न्या, काका. इत्तोला म्हणावं, चहा ठेव."

"आणि तू रे?"

बासू वाट सोडून देवदारांत शिरला. पावलागणिक दगड गरम होत गेला. एका जुन्या बुंध्यापाशी त्यानं मूठ उलटी करून उघडली.

दगड पडला नाही. त्यानं बासूचं बोट घट्ट धरलं होतं.