यादीतले पहिले नाव

वीज गेली तरी छोट्या बॅटरीवर दिवसभर चालेल असे श्वासयंत्र बनवायला कारखानदार राजी झाला. अट एकच, पाचशे रुग्णांची लेखी मागणी आधी हवी. मास्तरांनी पत्नीचे नाव सर्वांत वर लिहिले आणि पायाला भिंगरी लावून वर्षभरात यादी पुरी केली.

यंत्र घेऊन आलेला कारागीर दारातूनच म्हणाला, "मास्तर, तुमच्या पायपिटीनं अख्खा कारखाना हलला बघा! काकूंचा पलंग कुठाय? जोडूनच देतो."

"पलंग काढला. यादी धाडायच्या आदल्या आठवड्यात वीज गेली, ती सहा तास आलीच नाही."

कारागीर चपापला. "अहो, मग नाव नाही का खोडायचं?"

मास्तरांनी खोके अलगद भिंतीशी टेकवले.

"खोडणारच होतो. पण मग चारशे नव्याण्णवच उरले असते."