शीटचं माप

फेस वर यायला लागला की हलायचं नाही, श्वासही बेतानं घ्यायचा, हे निकेशनं दिव्यानीला सकाळपासून इतक्यांदा सांगितलं होतं की आता तिला नुसतं हसूच येत होतं.

सावली गावातल्या त्याच्या गॅरेजात, दोन ट्रॅक्टरांच्या मधोमध, फॉर्म्युला रेसची गाडी उभी होती. जुनी, वापरलेली, पण दिव्यानीची. कोइम्बतूरहून ट्रकवर बांधून आली तेव्हा अर्धं गाव बघायला लोटलं. दरवाजा नाही, छत नाही, चाकं अंगाबाहेर. शेजारच्या बुधूभाऊनं चारी बाजूंनी फिरून विचारलं, याले नांगर कुठी लावतेत? दिव्यानीनं गाडीच्या नाकावर हात ठेवला तो दिवसभर काढला नाही.

घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. आधीचा मालक चांगला उंचापुरा होता. त्याच्या शीटात दिव्यानी बसली की नुसतं हेल्मेट दिसायचं आणि पाय ब्रेकपर्यंत पोचायचे नाहीत. असल्या गाडीचं शीट बाजारात मिळत नाही, चालवणाऱ्याच्या अंगावरच घडवावं लागतं. गाडीत जाड पिशवी ठेवायची, दोन डब्यांतली पातळ औषधं एकत्र करून तिच्यात ओतायची आणि वर चालवणाऱ्यानं बसायचं. फेस फुगतो, अंगाभोवती भरतो आणि तसाच कडक होतो. डब्यांची जोडी एकच आली होती. रविवारी हैदराबादकडं रेससाठी मुलींची निवड होती, आणि स्वतःचं शीट बसवलेलं नसेल तिला ट्रॅकवर सोडणार नव्हते.

निकेशनं औषधं ओतली, पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं बंद केलं. दिव्यानीनं हेल्मेट घातलं, एक पाय उचलला.

"थांब."

दारात तिची आई, आशाबाई, उभी होती. हातात ताट, ताटात कुंकू, नारळ आणि लिंबं.

घरात कोणतंही वाहन आलं की पहिलं बसायचा मान घरच्या मोठ्या बाईचा. मोटरसायकल असो की ट्रॅक्टर, आशाबाई आधी टेकली, मगच ते जागचं हललं. आणि एकही आजवर उलटलं नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. दिव्यानीला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण गाडीच्या आनंदात ती ठार विसरली. निकेश तर आशाबाईच्या सख्ख्या भावाचा पोरगा, तोही विसरला.

दोघं एकदम बोलायला लागले. आत्याबाई, आत औषध ओतलं हाये, आता नाई. पण आशाबाईनं कधी कुणाचं ऐकलंय! तिनं चपला काढल्या, चाकापुढं लिंबं ठेवली, गाडीच्या नाकाला कुंकू लावलं, साडी सावरली आणि सरळ आत उतरली. पिशवीवरच बसली.

खालून फेस फुगायला लागला.

"अवं बाई, हे मले उचलून राह्यलं," म्हणत ती उठायला गेली.

ती उठली असती तर फेसाचं नुसतं ढेकूळ झालं असतं, त्यावर कुणालाच बसता आलं नसतं. निकेशनं डोकं धरलं. दिव्यानीला रडूच कोसळणार होतं, पण तिनं हेल्मेट काढून फेकलं आणि आईचे दोन्ही खांदे दाबून धरले.

"हलू नोको आई. आता तुयाच मापाचं होऊ दे."

निकेशनं आशाबाईचे पाय ब्रेकपर्यंत नेले, हात स्टेअरिंगवर ठेवले. ती ताठ बसली. पाठीला ऊब लागत होती. आधी ती घाबरली, मग चिडली, मग तिचे डोळे स्टेअरिंगवरून फिरायला लागले. ब्रेक कोणता, तिनं विचारलं. पळवायचं कोणतं, तेही विचारलं, आणि हळूच दाबून बघितलं. निकेश ओरडला. ही किती पळते, असं तिनं शेवटी विचारलं. दिव्यानीनं सांगितल्यावर ती पुढच्या चाकांकडं बघत राहिली.

फेस कडक झाल्यावर दोघांनी तिला वर ओढून काढलं. शीट सुरेख झालं होतं, पण आशाबाईचं. उंचीला मायलेकी सारख्या, त्यामुळे दिव्यानीचे पाय ब्रेकवर बरोबर पोचले. रुंदीला मात्र ती आईच्या निम्मी. वळणावर गाडी एकीकडं गेली असती आणि ही एकीकडं. रविवार गेला, निकेश पुटपुटला.

आशाबाई तडक घरी गेली आणि आपल्या जुन्या साड्यांची गोधडी घेऊन आली. दिव्यानी नको म्हणायच्या आत तिनं ती मधोमध फाडली आणि लेकीच्या दोन्ही बाजूंना ठासून भरली. निकेशनं वरून चिकटपट्टी मारली, पट्टे आवळले. दिव्यानीनं डावीकडं-उजवीकडं अंग फेकून बघितलं. तसूभरही हलली नाही. ती हसायला लागली, मग निकेशही.

शेजारच्या राइस मिलचं धान वाळवायचं पटांगण रिकामं होतं. गाडी ढकलत तिथं नेली. इंजिन सुरू झालं तसे मिलच्या टिनावरचे पारवे उडाले आणि हमाल पोती टाकून धावत आले. पहिली फेरी दिव्यानीनं जपून घेतली. दुसऱ्या फेरीत कोपऱ्यावर गाडी अशी वळवली की बुधूभाऊ भिंतीवर चढून बसला. शीटात ती घट्ट होती, बाहेरूनही दिसत होतं. निकेश दोन्ही हात वर करून नाचत होता. रविवारी जायचं होतं, आता नक्की.

ती येऊन थांबली, हेल्मेट काढलं. आनंदानं तोंड लालबुंद, बोलायला दम पुरत नव्हता. आई, पाह्यलं काय, एवढंच कसंबसं म्हणाली.

आशाबाईनं पदर कमरेला खोचला होता. हेल्मेटात मावायचा नाही म्हणून अंबाडाही सोडून ठेवला होता. ती वाकली आणि डाव्या बाजूची चिकटपट्टी सोलून गोधडी बाहेर ओढायला लागली.

"उतर पोरी," ती म्हणाली. "शीट माया मापाचं हाये."